भाकडकाळ

कबरी हंबरायला लागली तेव्हा मोनाली तिसऱ्या गाईच्या सडांना यंत्राचे कप लावत होती. पहाटेची धार चालू होती, बाहेर नीट उजाडलंही नव्हतं. तिनं आधी लक्ष दिलं नाही. चाऱ्यासाठी, पाण्यासाठी गाई हंबरतातच. पण हे हंबरणं लांबट होतं, घशातून ओढून काढल्यासारखं, आणि ते थांबत नव्हतं. कबरीनं वैरणीला तोंड लावलं नव्हतं. शेपटी एका बाजूला धरून ती दाव्याला हिसके देत होती, आणि तिच्या मागे काचेसारखी स्वच्छ, चिकट तार लोंबत होती.

मोनालीनं कप खाली ठेवले. "आई, जरा इकडं या."

मंदाबाई, तिची सासू, अंगण झाडायचं सोडून गोठ्याच्या दारात आली आणि तिथंच थबकली.

"अगं, ही तर माजावर आलीय."

धामणदऱ्यात कित्येक वर्षांत एकही गाय माजावर आली नव्हती. गावात आता अशी मोठाली पोरं होती, ज्यांनी गाईचं हे ओरडणं कधी ऐकलंच नव्हतं.

"मणी बंद पडला वाटतं हिचा," मोनाली म्हणाली.

मणी हे लोकांनी दिलेलं नाव. कंपनीनं दिलेलं नाव लांबलचक होतं आणि ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. शेंगदाण्याएवढी ती वस्तू गाईच्या कानामागे, कातडीखाली बसवत. तिच्यामागचं शास्त्र मोनालीच्या नवऱ्यानं, नवनाथ वाकचौरेनं, घरोघर जाऊन समजावलं होतं. दूध संघानं त्याला गटप्रमुख केलं होतं आणि त्याला बोलायची हातोटी होती.

तो सांगायचा, गाय दूध देते ती विते म्हणून. पोटात वासरू वाढत असताना रक्तातली संप्रेरकं कासेची तयारी करतात. वासरू बाहेर आलं की त्यांचा तोल बदलतो आणि दूध उतरतं. मग कासेतल्या दूध करणाऱ्या पेशी हळूहळू झिजतात. म्हणून पुढच्या वेताआधी गाय दोन महिने आटवायची, म्हणजे तिचं दूध बंद करायचं. त्या भाकडकाळात जुन्या पेशी मरतात आणि नव्या येतात. मण्यानं हा सगळा फेराच काढून टाकला होता. तो गाईचं रक्त वाचायचा आणि त्यात अगदी सूक्ष्म मात्रेत संप्रेरकं सोडायचा. आधी काही आठवडे शरीराला वाटायचं, आपण गाभण आहोत. मग वाटायचं, आपण व्यालो. त्यानंतर एखादी पेशी झिजली की तिच्या जागी लगेच दुसरी उभी राहायची, त्यामुळे कासेला थांबायची गरजच पडत नव्हती. माज ओळखायचा नाही, रेतनासाठी डॉक्टरांची वाट बघायची नाही, रेतन फुकट जाऊन गाय उलटली म्हणून कपाळाला हात लावायचा नाही, नको असलेले गोऱ्हे सांभाळायचे नाहीत. बारा महिने दूध. गाय थकली की संघ घेऊन जायचा आणि पैदास केंद्रातून मणी बसवलेली दुसरी गाय गाडीतून यायची.

नवनाथनं सांगितलेल्यात खोटं काही नव्हतं. फक्त भाकडकाळ गेला तेव्हा तो एकट्या गाईचा गेला नाही. पूर्वी उन्हाळ्यात निम्मा गोठा भाकड असायचा. बायका भावाबहिणींच्या लग्नाला आधीपासून जाऊन राहायच्या, दुखणी काढायच्या, पापड-कुरडया करायच्या. आता रोज तीन धारा. सहा गाई, त्यांच्या कासा धुवायच्या, कप लावायचे, कप उकळायचे, शेण भरायचं, कुट्टी टाकायची, की पुढच्या धारेची वेळ झालीच. मोनालीच्या उजव्या हाताची दोन बोटं सकाळी बधिर असायची. नवनाथ गटाच्या कामाला गावोगाव हिंडायचा. मुलगा पुण्याला शिकायला होता. मोनाली स्वतःच्या चुलत बहिणीच्या लग्नाला अक्षता टाकून जेवायच्या आधी परत आली होती.

त्या दिवशी नवनाथ संघाच्या बैठकीला नाशिकला गेला होता. उद्या येणार होता. मोनालीनं उरलेल्या गाई पिळल्या, दूध केंद्रावर पाठवलं, हात धुतले आणि धाकट्या भावाला फोन लावला. सोपान अकोले तालुक्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात डांगी गाई सांभाळून होता. तिथं मणी पोचला नव्हता. तिथल्या गाई दूध थोडं द्यायच्या, कंपनीला त्यांच्यात रस नव्हता.

"सोपान, तुझा वळू आहे ना अजून?"

"आहे की. का गं ताई?"

"पिकअपमध्ये घालून आण. आजच."

"दाजींना चालेल?"

"तू लवकर निघ." सोपाननं पुढे विचारलं नाही.

मंदाबाईनं मात्र विचारलं. "नवनाथला सांगितलंस?"

"नाही."

"मग मी बी घरात नव्हते म्हन," असं म्हणून तिनं डोक्यावर पदर घेतला आणि मारुतीच्या देवळाकडं चालू लागली.

दुपारी वळू आला आणि संध्याकाळी गेला. नंतरच्या आठवड्यात कंपनीचा माणूस मुदत संपत आलेला मणी बदलायला आला तेव्हा मोनालीनं कबरीला ताप असल्याचं सांगून त्याला परत पाठवलं. दूध कमी झालं नव्हतं, म्हणून त्यानंही नेट धरला नाही. तीन आठवडे गेले. कबरी पुन्हा हंबरली नाही. उलटली नाही, म्हणजे गाभण राहिली. मोनालीला आनंद झाला असं म्हणता येणार नाही. आनंद व्हायला थोडी सवड लागते. तिनं कबरीच्या पाठीवर हात ठेवला आणि पुढच्या गाईला कप लावले.

संघाच्या केंद्रावर दुधाची रोज तपासणी व्हायची. गाय गाभण असली की गर्भाच्या वारेतून एक प्रथिन रक्तात येतं आणि दुधातही उतरतं. मण्याच्या गाईंच्या दुधात ते कधी सापडायचं नाही, म्हणून यंत्रात ती तपासणी बंद ठेवलेली होती. पावसाळ्यानंतर कुणीतरी ती सुरू केली. नवनाथ केंद्रावरच उभा असताना त्याच्या फोनवर संदेश आला. तो घरी आला तो डॉक्टर तांबोळींना घेऊनच.

तांबोळी त्या भागातले जुने जनावरांचे डॉक्टर. त्यांनी गोठ्यात पेटी ठेवली, हातमोजा चढवून कबरीला तपासलं आणि मान हलवली.

"गाभण आहे. तीन महिन्यांच्या आतबाहेर."

नवनाथनं मोनालीकडं पाहिलं. "तुला ठाऊक होतं?"

"मीच भरवली तिला. सोपानचा वळू आणला होता."

"का?" त्याचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "मला एका शब्दानं न विचारता?"

"अजून वेळ गेलेली नाही," तांबोळी पेटीकडं बघत म्हणाले. "एक इंजेक्शन दिलं की दोनतीन दिवसांत गाभडेल. मग नवा मणी बसवता येईल. पण मोनालीताईंशी बोलल्याशिवाय मी सुई लावणार नाही, नवनाथ. तुम्ही आधी बोला."

"मला वासरू नकोय," मोनाली म्हणाली.

दोघंही तिच्याकडं वळले.

"मला ती भाकड झालेली पाहिजे. दोन महिने. ती नुसती उभी राहील, खाईल, रवंथ करील. तिच्याखाली कुणी बसणार नाही."

"एका गाईनं काय होणार?" नवनाथ म्हणाला. "बाकीच्या पाच आहेतच की."

"आहेत. माहीत आहे मला. एक तर एक."

"अगं, मी दारोदार जाऊन लोकांना मणी घ्यायला लावलेत. आणि माझ्याच दावणीला गाभण गाय? लोक काय म्हणतील?"

"तुम्ही दारोदार जात होता तेव्हा घरच्या धारा कुणी काढल्या?" ती हे भांडणाच्या सुरात म्हणाली नाही. एखादी बादली कुठं ठेवलीय ते विचारावं तसं विचारलं. "मला भांडायचं नाही. मला आता भांडवतही नाही. द्यायचं असेल तर द्या इंजेक्शन. मी धरते गाय."

तिनं खरोखरच पुढे होऊन कबरीचं दावं धरलं. तांबोळी थांबले होते. नवनाथ बायकोच्या हाताकडं बघत होता. दावं धरताना तिची दोन बोटं मिटलीच नव्हती, ती तशीच ताठ राहिली होती. त्यानं ती कधी पाहिली नव्हती.

"राहू द्या, डॉक्टर," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो आपणहून संघात गेला आणि काय झालं ते त्यानं सांगितलं. गटप्रमुखाचं काम दुसऱ्याकडं गेलं. घरी आल्यावर त्यानं शर्ट खुंटीला लावला, जेवला, आणि त्यानंतर कितीतरी दिवस मोनालीशी कामापुरतंच बोलला. चौकात लोक त्याला हसून विचारायचे, "काय नवनाथराव, बारसं कधी?" मोनाली ते ऐकायची. तिला वाईट वाटायचं, आणि कप लावता लावता ते मागं पडायचं.

सातवा महिना भरला तशी तांबोळींनी सांगितल्याप्रमाणे कबरीचा खुराक कमी केला आणि धार बंद केली. पहिल्या दिवशी कास तटतटली. तसं होतंच. कास भरते, दुखते, मग दूध जिरतं आणि सड लोंबते होतात. मोनालीनं असं कितीदा पाहिलं होतं. पण दुसऱ्या दिवशी कास दगडासारखी झाली. तिसऱ्या दिवशी दूध आपोआप ठिबकायला लागलं, कबरी खाली बसेना आणि कुणाला जवळही येऊ देईना.

तांबोळींनी कास चाचपली. "गरम लागतीय. काढा दूध. नाहीतर सडं जातील."

"पण मणी तर कधीच बंद पडलाय," नवनाथ म्हणाला. तो बऱ्याच दिवसांनी गोठ्यात येऊन उभा राहिला होता.

"मणी बंद पडला. पण कास थांबायचं विसरली." तांबोळी पायरीवर बसले. "बघा, कास भरून राहिली की पेशींना निरोप जातो, आता पुरे, मरा. आणि त्या मरतात. म्हणून गाय आटते. मण्यानं इतकी वर्षं तो निरोप पोचूच दिला नाही. आता निरोप येतोय, पण त्यांना तो ऐकू येत नाही."

"येईल का पुढं?"

"सांगता येत नाही, मोनालीताई. मण्याची गाय कुणी गाभण होऊच दिली नाही, मग बघणार कुठं?"

मोनालीनं कास धुतली आणि कप लावले. यंत्र चालू झालं आणि कबरीनं डोळे मिटून श्वास सोडला. पोटात वाढतं वासरू आणि खाली वाहती कास, अशी ती उभी होती. तिला दुप्पट काम लावलं ते आपणच, असं मोनालीच्या मनात आलं. त्या दिवशी ती जेवली नाही.

दिवस भरायला अवकाश होता, तरी कबरीनं एका दुपारी पाय झाडायला सुरुवात केली. नवनाथ मळ्यात होता. पाणमोट फुटली, दोन खूर दिसले, त्यांच्यावर टेकलेलं नाक दिसलं. "सरळ हाय," मंदाबाई म्हणाली, आणि तिनं लुगड्याचा ओचा खोचला. गाय कळ देईल तेव्हा ओढायचं, ती थांबली की थांबायचं. दोघींचे हात हे विसरले नव्हते. गोऱ्हा झाला. बारका, काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा, सोपानच्या डोंगरातल्या गुरांसारखा. कबरी मान वळवून त्याला चाटायला लागली आणि चाटता चाटता मध्येच हुंकारायची. तो आवाज मोनाली विसरून गेली होती.

मंदाबाईनं सडातून धार काढून तळहातावर घेतली. बोटांनी चोळली. पुन्हा चोळली.

"मोने, हा चीक नाही. हे नुसतं दूधच हाय."

पिवळा, दाट, बोटाला चिकटणारा चीक यायला हवा होता. तळहातावर पांढरं पातळ दूध होतं, रोज केंद्रावर जायचं तेच.

मोनालीनं फोन लावला. तांबोळी म्हणाले, "माझ्या ध्यानात यायला हवं होतं. चीक तयार होतो तो शेवटच्या आठवड्यांत, कास थांबलेली असताना. हिची थांबलीच नाही." मग ते भराभरा बोलले. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगात रोगाशी लढणारं काहीच नसतं. पोटात असताना आईकडून ते मिळत नाही. ते चिकातून मिळतं. आणि आतड्यातून ते रक्तात जायचा रस्ता काही तासच उघडा असतो, मग बंद होतो. "कुठूनही चीक मिळवा. संध्याकाळच्या आत."

"केंद्रावर पावडर मिळेल?"

"ताई, इथं गाई वीतच नाहीत. पावडर कोण ठेवील?"

गावात हजारभर गाई होत्या. टँकर भरभरून दूध जात होतं. पेलाभर चीक कुणाच्या घरात नव्हता.

सोपानच्या घरी त्याच्या बायकोनं, चंद्रकलानं फोन घेतला. "आमची एक काल रात्री व्यालीय, ताई. वासराचं पोट भरून उरलेला चीक काढून ठेवलाय फ्रिजमध्ये. खरवस करायचा म्हणून पोरं मागं लागलीत. या, त्यांना मी समजावते."

तेवढ्यात नवनाथ मळ्यातून धावत आला. "मी जातो. गाडी काढतो."

"मी जाते," मोनाली म्हणाली. "धारेची वेळ झालीय."

ती काय म्हणते ते कळायला त्याला थोडा वेळ लागला. मग त्यानं बाह्या वर केल्या. "कुठली गाय आधी?"

"टिकली. तिला थांबवलं की लाथ मारते. कबरीचं दूध तेवढं वासराला आत्ता पाजू नका, चीक येऊ द्या."

मोनाली स्कूटर घेऊन निघाली. राजूरचा रस्ता चढत गेला तसा वारा गार झाला. चंद्रकला किटली ओल्या फडक्यात गुंडाळून दारातच उभी होती. तिनं नणंदेकडं नीट पाहिलं. "किती वाळलात ओ. घोटभर चहा तरी घ्या."

"नको. पुन्हा येईन." हे खरं होणार नाही हे दोघींना ठाऊक होतं, आणि दोघींनी माना डोलावल्या.

ती परत आली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. चीक कोमट केला. गोऱ्हा उभा राहायला बघत होता आणि पुढच्या गुडघ्यांवर पडत होता. मोनालीनं बोटं चिकात बुडवून त्याच्या तोंडात घातली. तो चोखेना. पुन्हा घातली. टाळूला बोट घासलं तसा तो दचकला, मग चोखायला लागला, आणि मग बाटलीला असा भिडला की मंदाबाईला त्याला मागं ओढावं लागलं.

नवनाथ गव्हाणीच्या कठड्यावर बसला होता. त्याच्या ढोपराला शेण लागलं होतं. टिकलीनं लाथ मारलीच होती. तो दोन्ही मुठी उघडत मिटत होता. आईनं आणलेला चहा त्यानं घेतला नाही, शेजारी ठेवायला सांगितला. कप धरवेल की नाही याची त्याला खात्री नव्हती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोनाली गोठ्यात गेली तेव्हा तिच्या आधी तो आलेला होता आणि टिकलीची कास धूत होता.

गोऱ्हा जगला. त्याला तिथं काही काम नव्हतं, म्हणून अंगानं धरल्यावर सोपान त्याला डोंगरात घेऊन गेला. तांबोळींनी कबरीच्या कानामागचा मेलेला मणी काढला. तो मांसाच्या पिशवीत बंद झाला होता. शरीरानं त्याला हळूहळू वेढून टाकलं होतं. गावात आणखी दोन घरांनी मण्याची मुदत संपल्यावर नवा घेतला नाही. बाकीच्यांनी घेतला. संघानं कुणाला काही म्हटलं नाही, नवा मणी न घेणाऱ्यांचं दूध मात्र कमी भावाच्या रांगेत टाकलं.

कबरी पुन्हा माजावर आली तेव्हा वळू आणायला नवनाथनंच फोन केला. पुन्हा सातवा महिना आला. पुन्हा खुराक कमी केला आणि धार थांबवली. पहिल्या दिवशी कास तटतटली. दुसऱ्या दिवशीही तशीच होती. मोनाली दर थोड्या वेळानं जाऊन हात लावायची आणि परत यायची. तिसऱ्या दिवशी दुपारी तिला कातडीवर एक सुरकुती दिसली. तिला वाटलं आपल्याला भास झाला. तिनं नवनाथला हाक मारली. त्यानं कासेखाली हात घातला. कास सैल होती, गार होती. सड दाबला तर थेंबभर काहीतरी चिकट आलं आणि थांबलं.

"आटली," तो म्हणाला. मग पुन्हा, स्वतःशीच, "आटली गं ही."

संध्याकाळच्या धारा दोघांनी मिळून काढल्या. पाचवी गाय झाली तशी मोनाली सवयीनं कप घेऊन कबरीपाशी गेली. कबरी बसून रवंथ करत होती. तिनं मोनालीकडं पाहिलं आणि पुन्हा जबडा हलवायला लागली. उठली नाही. मोनाली कप हातात घेऊन तशीच उभी राहिली. करायला काही नव्हतं. तिला ते समजायला थोडा वेळ लागला.

"बस की जरा," मंदाबाई ओट्यावरून म्हणाली.

मोनाली ओट्याच्या खांबाला टेकून बसली. पाय पसरले. नवनाथ दूध केंद्रावर निघाला, तो फाटकापाशी काहीतरी बोलला, ते तिला नीट ऐकू आलं नाही. हात मांडीवर पडले, मान एका बाजूला कलली.

दिवेलागण झाली. या वेळेला घरातल्या बाईनं झोपू नये, लक्ष्मी दारातून परत जाते, असं मंदाबाई मोनालीला नवी नवरी असल्यापासून सांगत आली होती. ती उठून आत गेली, देवापुढं दिवा लावला, बाहेर आली, आणि सुनेच्या अंगावर गोधडी घालून दार उघडं ठेवून आत जाऊन बसली.